पुतळ्यांचं भांडण आणि बूनची खातेवही

अमेरिकेत २०२० च्या उन्हाळ्यात पुतळे उतरवायला सुरुवात झाली, तेव्हापासूनचा वाद अजून शमलेला नाही. उलट तो जितका लांबतोय तितका उथळ होत चाललाय. एक बाजू म्हणते, ज्यांनी मूळ रहिवाशांच्या जमिनी लाटल्या आणि माणसं विकत घेतली त्यांना चौथऱ्यावर जागा नको. दुसरी म्हणते, ज्यांनी देश उभा केला त्यांची नालस्ती आता पुरे. मार्च २०२५ मध्ये तर राष्ट्राध्यक्षांनी आदेशच काढला, की सरकारी स्मारकांवर पूर्वजांना कमी लेखणारा मजकूर नको. त्यातच २०२६ हे स्वातंत्र्याचं अडीचशेवं वर्ष, म्हणून आवाज आणखी चढले. भांडण चालतं ते दगडावरून आणि फलकावरून. ज्या माणसांसाठी ते चाललंय, त्यांच्या घरात, दुकानात आणि कचेरीत साठलेल्या कागदांबद्दल मात्र दोन्हीकडून चकार शब्द निघत नाही. माझं मत असं, की पुतळा राहिला काय नि गेला काय, दुय्यम आहे. पश्चिमेच्या सरहद्दीवर, म्हणजे गोऱ्यांची वस्ती जिथे संपायची तिथे, लढून पुढे विधिमंडळात बसलेल्या माणसांची खाजगी पत्रं, हिशेबाच्या वह्या, कर्जरोखे, जमिनीच्या मोजण्या हे सगळं एकत्र, काही न वगळता आणि सर्वांसाठी खुलं राहणं ही खरी सार्वजनिक गरज आहे. त्यातही धंद्याचे कागद आधी, कारण लाजेखातर पहिल्यांदा नाहीसे होतात ते तेच.

डॅनियल बूनचं उदाहरण घेऊ. जन्म १७३४ चा, पेनसिल्व्हेनियातल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या घराण्यातला. १७७५ मध्ये रिचर्ड हेंडरसनच्या जमीन कंपनीसाठी त्याने डोंगर ओलांडून केंटकीत जाणारी वाट पाडली आणि बूनझबरोची गढी वसवली. १७७८ मध्ये शॉनी या मूळ रहिवाशांच्या जमातीतल्या लोकांनी त्याला पकडलं, ब्लॅकफिश या त्यांच्या प्रमुखाने मुलगा म्हणून घरात घेतलं, तिथून तो निसटला आणि परत येऊन गढीचा वेढा लढवला. १७८४ मध्ये जॉन फिल्सन या शिक्षकाने केंटकीवरच्या पुस्तकात त्याची कहाणी अलंकारिक भाषेत छापली आणि तो जिवंतपणीच दंतकथा झाला. शाळकरी पोरांना माहीत असलेला बून हा एवढाच. पण केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग होतं, आणि हा माणूस व्हर्जिनियाच्या विधिमंडळावर तीनदा निवडून गेला, १७८१, १७८७ आणि १७९१ मध्ये, दर वेळी वेगळ्या परगण्यातून. मधल्या काळात तो लष्करी अधिकारी होता, शेरीफ होता, जमिनी मोजणारा सर्व्हेअर होता, ओहायो नदीकाठच्या लाइमस्टोनला खाणावळ आणि दुकान चालवत होता, घोड्यांचा आणि जिनसेंग या औषधी वनस्पतीच्या मुळांचा व्यापार करत होता, आणि स्वतः जमिनींच्या सट्ट्यात उतरला होता. यातली कुठली भूमिका कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते हे सांगणं त्या काळात अशक्य होतं. मग त्याच्या कागदांतच सार्वजनिक एकीकडे आणि खाजगी दुसरीकडे अशी वाटणी करायचा आग्रह का?

डिसेंबर १७९१ मधलं त्याचं एक पत्र बघा. बून तेव्हा कनावा परगण्याचा प्रतिनिधी म्हणून व्हर्जिनियाच्या राजधानीत, रिचमंडमध्ये, होता आणि त्याच परगण्याच्या मिलिशियात, म्हणजे स्थानिक नागरिकांच्या फौजेत, लेफ्टनंट कर्नल होता. पत्र गव्हर्नरला आहे, चार ओळींचं, जवळजवळ प्रत्येक शब्दाचं स्पेलिंग चुकलेलं. मजकूर असा, की रेडस्टोनला दारूगोळा घेऊन कुणीतरी जायलाच हवं. आपण मला योग्य समजत असाल तर मी ते करीन, मात्र अट अशी की कनावाच्या तुकडीला शिधा पुरवण्याचं काम मला मिळावं, म्हणजे त्याच फेरीत पीठही नेता येईल. खाली सही, आपला आज्ञाधारक नम्र सेवक. आमदार, सेनाधिकारी आणि ठेकेदार एकाच कागदावर, एकाच सहीखाली. काम त्याला मिळालंही. आणि पुढे शिधा वेळेवर पोचत नाही अशी तक्रारही त्या तुकडीकडून आली. तरुण लोकशाही सरहद्दीवर प्रत्यक्षात कशी चालत होती हे चार ओळींत यापेक्षा स्पष्ट सांगणारा कागद माझ्या माहितीत नाही. तो टिकला, कारण गव्हर्नरच्या नावे आल्यामुळे सरकारी दफ्तरात पडला. बूनच्याच घरात राहिला असता तर? कुणा भक्ताने तो फाडून टाकला असता, कारण तो वीराला शोभत नाही. किंवा सहीसाठी कापून विकला असता.

यावर पहिला आक्षेप बूनच्या चाहत्यांचा, आणि तो पोकळ नाही. ते म्हणतात, आजच्या नियमांनी तेव्हाच्या माणसाला तोलू नका. लोकप्रतिनिधीने सरकारी ठेका घेऊ नये हा संकेत आज जसा मानला जातो तसा तेव्हा मानला जात नव्हता. सरहद्दीवर पीठ वाहून नेण्याची हिंमत असलेली माणसंच मोजकी होती. हे खरं आहे. हेही खरं, की कागद उघडले की ते वाचणाऱ्यांपेक्षा त्यातून दोष वेचणारेच जास्त जमतात. पण कागद फक्त आरोपपत्र लिहितात हे गृहीतकच चूक आहे. १७८० मध्ये बून केंटकीतल्या वसाहतकऱ्यांचे सुमारे २०,००० डॉलर घेऊन विल्यम्सबर्गला निघाला होता, त्यांच्यासाठी जमिनीचे परवाने विकत घ्यायला. वाटेत एका खानावळीत रात्री झोपेत ते पैसे चोरीला गेले. लोकांत कुजबुज सुरू झाली की चोर बूनच. ज्यांचे पैसे बुडाले त्यांत थॉमस हार्टही होता. त्याने त्या ऑगस्टमध्ये भावाला लिहिलं, की ज्या गरिबांच्या जमिनी आता हातच्या जातील त्यांच्याबद्दल वाईट वाटतंच, पण बूनच्या नावाला बट्टा लागतोय याचं त्याहून वाईट वाटतं. स्वतः नुकसान सोसलेल्या माणसाने, छापण्यासाठी नव्हे तर भावाला, लिहिलेली ही साक्ष. बूनच्या कर्जाच्या आणि परतफेडीच्या नोंदी हेच सांगतात. म्हातारपणी तो मिसूरीत राहत असताना अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, १८१४ मध्ये त्याला हातची गेलेली जमीन परत दिली, तीही त्याने केंटकीतली जुनी देणी फेडण्यासाठी विकून टाकली. कुठला पुतळा हे सांगेल? १७९८ साली केंटकीने एका नव्या परगण्याला त्याचं नाव दिलं, आणि त्याच वर्षी साक्षीचं समन्स टाळल्याबद्दल त्याच्या अटकेचं वॉरंटही निघालं. एकच वर्ष, एकच राज्य. यातलं एकच खरं धरून बसणाऱ्याला बून कळलेला नाही.

बून गरीब आणि अडाणी होता म्हणून त्याचे व्यवहार असे उघडे पडले, मोठ्या माणसांचं तसं नसतं, असं कुणाला वाटेल. मग खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनचं काय? तोही आधी सरहद्दीवरचा सैनिक, व्हर्जिनिया रेजिमेंटचा प्रमुख, आणि १७५८ मध्ये विधिमंडळात निवडून आलेला. त्या निवडणुकीचा खर्च त्याच्या हिशेबांत नोंदलेला आहे: रम, पंच, वाइन, बिअर, सायडर मिळून सुमारे १६० गॅलन मतदारांच्या घशात ओतले. मतदारांना असं पाजायला कायद्याने मनाई होती. त्याहून महत्त्वाचं आहे सप्टेंबर १७६७ मध्ये त्याने विल्यम क्रॉफर्ड या सर्व्हेअरला लिहिलेलं पत्र. इंग्लंडच्या राजाने १७६३ मध्ये जाहीर केलं होतं की ॲपलाशियन डोंगरांपलीकडच्या जमिनी मूळ रहिवाशांच्या, तिथे वसाहत करायची नाही. वॉशिंग्टन क्रॉफर्डला लिहितो, की हा जाहीरनामा म्हणजे इंडियनांना, अर्थात तिथल्या मूळ रहिवाशांना, शांत करायची तात्पुरती युक्ती आहे, काही वर्षांत तो कोसळेल. तोवर चांगल्या जमिनी हेरून ठेवा, आणि हे गुपित ठेवा. पत्र सर्वस्वी धंद्याचं आहे, दोन भागीदारांतलं. पण पुढच्या साठ-सत्तर वर्षांत ओहायोच्या खोऱ्यात काय होणार होतं त्याचा आराखडा त्यात आहे. विधिमंडळातल्या कुठल्या भाषणात, कुठल्या ठरावात तो सापडतो? राज्यकर्त्यांचं धोरण भाषणातून कळतं आणि त्यांचा अंदाज व्यवहारातून. माणूस पैसे कशावर लावतो हे पाहिल्याशिवाय त्याला खरोखर काय होईल असं वाटत होतं ते कळत नाही. म्हणून वॉशिंग्टनचे हिशेब हे त्याच्या राजकारणाच्या कागदांइतकेच राजकीय आहेत.

आता विरुद्ध बाजूचा आक्षेप. मला तो सगळ्यात वजनदार वाटतो. ते म्हणतात, हे शेवटी जेत्यांचे कागद. शॉनींच्या जमिनी ज्यांनी मोजल्या त्यांच्याच मोजणीवह्या. शॉनींनी लिहिलेलं काही त्यात नाही. हे कागद जपायला पैसा ओतायचा, त्यांच्या सूच्या करायच्या, त्यावर संशोधकांच्या पिढ्या पोसायच्या, म्हणजे लुटीच्याच बाजूने इतिहास पुन्हा एकदा लिहायचा. यातलं दुखणं खरं आहे. ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांची बाजू दुबळी पडते हे जगभरच्या कोर्टकचेऱ्यांत दिसतं. पण मग उपाय कोणता? जेत्याचे कागद गेले तर जितांचा आवाज परत येतो का? उलट जिंकलेल्यांच्या फडताळात, त्यांनी नकळत लिहून ठेवलेल्या ओळींतच, हरलेल्यांच्या खुणा राहिल्यात. १७८७ मध्ये लाइमस्टोनला शॉनी कैद्यांची अदलाबदल झाली. त्या कैद्यांच्या खाण्यापिण्याचा आणि व्हिस्कीचा खर्च बूनने सरकारकडे मागितला. बूनच्या लेखी ते बिल होतं, वसुलीचा कागद. आज ते त्या कैदेचा पुरावा आहे.

त्याच वर्षीच्या करनोंदीत बूनच्या नावावर सात गुलाम दिसतात. इथे मला चाहत्यांपेक्षा टीकाकारांनाच विचारायचंय. अमेरिकेच्या १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. त्यात मालकाचं नाव आहे. गुलाम म्हणजे फक्त वय, लिंग आणि रंग. दक्षिणेतल्या बहुसंख्य कृष्णवर्णीय कुटुंबांची नावं जनगणनेत पहिल्यांदा आली १८७० मध्ये. त्याआधीचा पणजोबा, खापरपणजी शोधायची तर जायचं कुठे? मालकाच्या विक्रीखतात, मृत्युपत्रात, मालमत्तेच्या यादीत, दुकानाच्या वहीत, जिथे गाईघोड्यांच्या खालच्या ओळीत एखादं नाव आणि किंमत लिहिलेली असते. ती ओळ वाचणं भयंकर आहे. पण ती पुसली तर त्या बाईचं जगात असणंच पुसलं जातं. मालकाची लाज झाकायला वारसाने जाळलेली वही आणि मालकाचा गौरव नको म्हणून संग्रहालयाने नाकारलेली वही, दोन्हींचा परिणाम त्या नावावर एकच होतो.

कागद ठेवले तरी ते जसेच्या तसे ठेवणं हीही वेगळी लढाई आहे. जेरेड स्पार्क्स या इतिहासकाराने १८३० च्या दशकात वॉशिंग्टनची पत्रं १२ खंडांत छापली. त्याच्या कष्टांना तोड नाही. पण वॉशिंग्टनने आपल्या एका सेनापतीला घरगुती ढंगाने ‘ओल्ड पुट’ म्हटलं होतं, तिथे याने ‘जनरल पटनम’ केलं. एका रकमेला वॉशिंग्टनने पिसवाचा चावा म्हटलं होतं, तिथे ती गरजेच्या मानाने अगदीच अपुरी असल्याचं सभ्य वाक्य घातलं. राष्ट्रपित्याने असं बोलू नये, एवढीच त्याची इच्छा. आणि पहिल्या शपथविधीच्या भाषणाचा जो मसुदा वॉशिंग्टनने वापरला नव्हता, त्याचे तुकडे करून याने चाहत्यांना आठवण म्हणून वाटले. तो मसुदा आज जगभर विखुरलेल्या चिटोऱ्यांतून जुळवावा लागतो. कागदांचं नुकसान शत्रूंपेक्षा भक्तांनी जास्त केलंय, हे म्हणायला मी कचरत नाही.

मराठी वाचकाला हे नवं वाटू नये. थोरल्या बाजीरावांनी धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेली पत्रं आपल्याकडे आहेत. कर्जाच्या नरकात पडलोय, सावकारांच्या आणि शिलेदारांच्या पाया पडता पडता कपाळाची सालं निघाली, अशी त्यातली कळकळ. ज्या पेशव्याचे घोडे नर्मदेपार दौडत होते तो रात्री सावकाराच्या तगाद्याने जागा होता. यामुळे बाजीराव लहान झाले का? मला तर ते वाचून त्यांच्या मोहिमांचा वेग, चौथाईची निकड, पावसाळा सरताच पुन्हा बाहेर पडायची घाई, सगळं नव्याने उलगडलं. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगावचे वाडे पालथे घालत होते तेव्हा त्यांना हेच हवं होतं. तरी आपल्याकडेही राजकीय पत्रांना जे मोल आलं ते जमाखर्चाला फार उशिरा आलं. पेशवे दफ्तरातून इतिहासकार सरदेसायांनी निवडलेले ४५ खंड कितीही मोलाचे असले तरी ती निवड आहे, आणि रुमालांत बांधलेला न निवडलेला भाग त्याच्या कितीतरी पट मोठा आहे.

घरच्यांच्या खाजगीपणाचं काय, हा प्रश्न उरतो. मी तो धुडकावत नाही. बूनच्या एका मुलीच्या जन्माविषयी केंटकीत कुजबुज होती आणि तीही कागदांत उतरली आहे. त्या कुजबुजीने सरहद्दीचा इतिहास कणभरही उजळत नाही. हयात माणसांच्या आजारपणाच्या, संसाराच्या गोष्टी काही दशकं बंद ठेवणं रास्तच. पण बंद ठेवणं वेगळं आणि काढून टाकणं वेगळं. आणि खाजगी कागद नसले तर सार्वजनिक कागदसुद्धा चुकीचे वाचले जातात. १९ ऑगस्ट १७८२ ला ब्लू लिक्सच्या लढाईत केंटकीच्या मिलिशियाचा धुव्वा उडाला. अकरा दिवसांनी बूनने गव्हर्नर हॅरिसनना पत्र लिहिलं. रणभूमीवर परत गेलो तेव्हा ४३ प्रेतं सापडली, आणखी आसपास पडली होती, पण भुकेने आणि थकव्याने ती शोधायला थांबता आलं नाही. आम्हाला साफ विसरणार आहात का? ५०० माणसं तातडीने पाठवा. या लोकांना इथे जीव धोक्यात घालायला सांगणं यापुढे मला समर्थनीय वाटत नाही. एवढंच. त्या लढाईत बूनचा मुलगा इझ्राएल मारला गेला होता. पत्रात त्याचा उल्लेख नाही. नुसतं सरकारी दफ्तर वाचणारा या पत्राला एका अधिकाऱ्याची कुमक मागणारी अर्जी समजेल. घरच्यांच्या आठवणी शेजारी ठेवल्या की प्रेतं पुरणारा बाप दिसतो, आणि पत्रातलं ‘समर्थनीय वाटत नाही’ हे कुणाच्या तोंडचं आहे ते कळतं.

त्या आठवणी टिकल्या कशा? लायमन ड्रेपर नावाच्या एका झपाटलेल्या माणसामुळे. १८३८ पासून त्याने सरहद्दीवरच्या सैनिकांच्या वारसांना पत्रं लिहायला घेतली, मग घोड्यावरून, बोटीतून त्यांच्या दारी जाऊन बसला. १८५१ मध्ये बूनच्या धाकट्या मुलाच्या, नेथनच्या घरी मिसूरीत मुक्काम ठोकून त्याच्याकडून बापाची सगळी हकिगत उतरवून घेतली. बूनवरचं जे पुस्तक लिहायचं म्हणून हे सारं केलं ते त्याच्याने कधी पुरं झालं नाही. पण १८९१ मध्ये तो गेला तेव्हा विस्कॉन्सिनच्या हिस्टॉरिकल सोसायटीकडे जवळपास ५०० बांधीव खंड आले, त्यातले ३३ एकट्या बूनचे. म्हणजे ही सारी कागदपत्रं टिकली ती एका माणसाच्या हट्टावर. कायद्याचा त्यात काही हात नव्हता, आणि काँग्रेसच्या सदस्यांच्या कागदांत आजही नाही. राष्ट्राध्यक्ष निक्सनने आपल्या कचेरीतल्या संभाषणांच्या ध्वनिफितींवर हक्क सांगितला, त्यानंतर १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्षांचे कागद राष्ट्राचे ठरले. काँग्रेसच्या सदस्यांचे कागद मात्र अजून त्यांची खाजगी मालमत्ता आहेत. २००८ मध्ये काँग्रेसने ठराव केला की सदस्यांनी आपले कागद नीट जपून संशोधनासाठी द्यावेत. ठराव म्हणजे विनंती, सक्ती नाही. युद्धावरून परतून विधिमंडळात बसणारी माणसं आजही आहेत. त्यांचे शेअर, कंत्राटं, सल्लागारी, लष्करातले जुने सोबती हे सगळं त्यांच्या मतदानाला चिकटलेलं असतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या बूनचा पीठाचा ठेका शोधणाऱ्यांनी आजच्या प्रतिनिधीचा ठेका आणखी दोनशे वर्षांनी कुठे शोधायचा?

केंटकी, टेनेसी आणि व्हर्जिनियातल्या लोकांची एक जुनी तक्रार आहे, की ड्रेपरने आमच्या आजोबांकडून वाचायला म्हणून नेलेले कागद परत केलेच नाहीत आणि आमचा इतिहास दूर उत्तरेत, विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला जाऊन बसला. तक्रार रास्त आहे. उसनं नेलेलं परत करावं. तरीही तो संग्रह आज फोडून ज्याचे त्याला वाटावेत याला माझा विरोध आहे. मोजणीची वही, त्या जमिनीवरचा दावा, त्या दाव्यातल्या साक्षीदाराची ड्रेपरने घेतलेली मुलाखत, हे एकमेकांशेजारी असतात तेव्हाच बोलतात. केंटकीत एकाच तुकड्यावर तीन-तीन दावे का पडले, बूनसारखा माणूस त्यात कसा बुडाला, हे एका सुट्या पानावरून कधीच कळणार नाही. बूनच्या सहीची मोजणीपत्रं लिलावात येतात. घेणारा ती चौकटीत लावतो आणि त्या पानावर कुठली जमीन कुणाच्या नावे झाली हे त्याच्या गावीही नसतं. हे थांबवायचं तर राज्यांनी अशा लिलावांत उतरून पानं विकत घ्यावीत आणि मूळ गठ्ठ्याच्या नोंदीशी जोडावीत. ड्रेपर संग्रहाच्या मायक्रोफिल्म प्रती अनेक ग्रंथालयांत गेल्याच आहेत. शॉनींच्या तीन मान्यताप्राप्त जमाती आज ओक्लाहोमात आहेत. ज्या जमिनी त्या वह्यांत झाडा-ओढ्यांच्या खुणांनी मोजल्या आहेत त्या त्यांच्या होत्या, म्हणून चांगल्या, वाचता येतील अशा प्रती तिथेही गेल्या पाहिजेत. सूची करताना त्यांची माणसं बरोबर बसली पाहिजेत. आणि हा खर्च अडीचशेव्या वर्षाच्या सोहळ्यांच्या पैशातूनच व्हायला हवा.